दुसरा शिपाई

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके चाळताना पात्रांच्या यादीच्या अगदी तळाशी दोन-तीन नावे हमखास आढळतात. नावे कसली, हुद्देच ते! पहिला शिपाई, दुसरा शिपाई, द्वारपाल, दासी. राजाला नाव असते, राणीला असते, विदूषकाला तर असतेच असते. दुसऱ्या शिपायाला मात्र नाव नाही, गाव नाही, बायकापोरे नाहीत. पहिल्या अंकात तो मान लववून निघून जातो. तिसऱ्या अंकात परत आला, तर हा तोच की दुसरा कोणी, याची चौकशी कोणी करीत नाही.

या सदराच्या वाचकांना आमची एक खोड आता ठाऊक झालीच असेल. पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांपेक्षा वाढप्यांकडेच आमचे लक्ष अधिक. दिवाळीच्या अंकात चार ओळी जास्त लिहिण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हा अशाच काही दुसऱ्या शिपायांची हजेरी घ्यावी म्हणतो. फक्त हे शिपाई राजवाड्यातले नव्हेत, अंतराळयानातले आहेत.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. ७९ भाग झाल्यावर १९६९ मध्ये ती बंद पडली; पण बंद पडली म्हणून संपली नाही. पुढे त्याच कल्पित जगावर चित्रपट निघाले, नव्या मालिका निघाल्या, आणि १९६६ मध्ये मांडलेला हा संसार पुढच्या शतकातही चालू राहिला. आपल्याकडेही १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती दाखवीत असत. तेव्हा न्याहरीची बशी मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसणाऱ्यांना कप्तान कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक आठवत असतील. पण त्यांच्या मागे, दाराशी, कोण उभे होते?

'एंटरप्राइझ' या त्यांच्या यानावर ४३० माणसे आहेत, असे मालिकेत सांगितले जाते. संवाद मात्र सात-आठ जणांच्याच वाट्याला. उरलेल्यांपैकी जे पडद्यावर येतात ते पाठमोरे बसतात, कळा दाबतात, कप्तान आला की बाजूला होतात, आणि कथानकाला गरज लागली की मरतात. परग्रहावर उतरणाऱ्या तुकडीत कर्क, स्पॉक, डॉक्टर आणि लाल सदऱ्यातला कोणी एक अनोळखी पहारेकरी असा संच दिसला, की प्रेक्षकाने त्या चौथ्याच्या नावाने निःश्वास सोडावा. हा प्रकार इतका रूढ झाला की इंग्रजीत 'रेडशर्ट', म्हणजे लाल सदरेवाला, हा हकनाक मरणाऱ्या किरकोळ पात्राला प्रतिशब्दच होऊन बसला. जॉन स्काल्झी यांनी 'रेडशर्ट्‌स' नावाची एक कादंबरीच २०१२ मध्ये लिहिली, आणि विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार तिला पुढच्या वर्षी मिळाला.

या लाल सदऱ्यांत एक लेफ्टनंट लेस्ली होता. एडी पास्की नावाचे गृहस्थ ते काम करीत. त्यांचे मुख्य काम खरे म्हणजे निराळेच होते. दिव्यांची मांडणी चालू असताना कर्कचे काम करणाऱ्या विल्यम शॅटनर यांच्या जागी तासन् तास उभे राहणे, हे ते काम. उभेच आहेत तर एखादा गणवेशही चढवावा, असे झाले असावे. पन्नासांहून अधिक भागांत हा लेस्ली दिसतो. कधी सुकाणूपाशी, कधी यंत्रशाळेत, कधी पहाऱ्यावर. डिसेंबर १९६७ मधल्या एका भागात रक्त शोषणाऱ्या एका ढगाने त्याचा बळी घेतला. आणि गंमत अशी, की त्याच भागात पुढे हा लेस्ली यानावर आपले काम करताना दिसतो! ना कोणी दचकले, ना कोणी विचारपूस केली. दुसरा शिपाई मेला काय आणि जगला काय, कोण पाहतो?

पण पाहणारे होते. बीजो ट्रिंबल नावाच्या बाईंचे नाव इथे आदराने घ्यावे लागेल. दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडण्याची लक्षणे दिसू लागली, तेव्हा त्यांनी व त्यांच्या यजमानांनी प्रेक्षकांना पत्रे लिहावयास लावून तिसरे वर्ष पदरात पाडून घेण्यात पुढाकार घेतला. त्याच बाईंनी, डोरथी जोन्स यांनी केलेल्या टिपणांच्या आधाराने, मालिकेचा एक कोश १९६९ मध्ये स्वतः छापून काढला. कोणता भाग, कोणते पात्र, कोणते यंत्र, कोणता ग्रह, सारे अकारविल्हे लावलेले. त्या काळी घरी चित्रफीत लावून हवे तिथे थांबविण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घ्या. प्रसारण चालू असताना डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे आणि लिहून काढावयाचे. आपल्याकडची एखादी आजी सगळ्या भावकीच्या सोयरिकी, बारशी आणि सुतके तोंडपाठ ठेवते ना, तसाच हा उद्योग. १९७६ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने तो कोश बाजारात आणला.

अशी वही ठेवली की पहिला प्रश्न येतो तो नावाचा. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' या एका म्हणीने जिवा महाला साडेतीनशे वर्षे घराघरांत जिवंत राहिला. नावाची किंमत आपल्याला कोणी सांगावयास नको. पण या मालिकेत नित्य दिसणाऱ्या माणसांनाही पुरते नाव नव्हते. यानाचे सुकाणू धरणाऱ्या सुलूचे पहिले नाव 'हिकारू' हे व्होंडा मॅकिन्टायर या लेखिकेने १९८१ च्या आपल्या कादंबरीत घातले. पडद्यावर ते उच्चारले गेले १९९१ च्या चित्रपटात. संदेशयंत्रणा सांभाळणाऱ्या उहुराचे 'न्योटा' हे नाव पडद्यावर ऐकू आले ते २००९ मध्ये. म्हणजे बारशाला त्रेचाळीस वर्षे लागली.

नाव लक्षात ठेवल्याने काय होते, याचे एक लहानसे उदाहरण त्या पहिल्याच वर्षातले आहे. सप्टेंबर १९६६ च्या एका भागात केव्हिन रायली नावाचा तरुण अधिकारी एका विचित्र रोगाच्या नशेत यंत्रशाळेत स्वतःला कोंडून घेतो आणि बेसूर गात सुटतो. प्रेक्षक पोट धरून हसले असतील. डिसेंबरमधल्या दुसऱ्या एका भागासाठी बोलावलेला नट तोच, ब्रूस हाइड, निघाला. संहितेत पात्राचे नाव वेगळे होते. ते बदलून रायली करण्यात आले. आता त्या भागात या पात्राचे आईबाप लहानपणी एका क्रूर सुभेदाराच्या हुकुमाने मारले गेलेले आहेत. नाव बदलले नसते तर तो कोणी एक पोरका तरुण झाला असता. नाव तेच राहिल्यामुळे, दोन-अडीच महिन्यांपूर्वी ज्याला हसलो तो गाणारा पोरगा मनात एवढे दुःख घेऊन वावरत होता, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. संहितेत एक शब्द बदलला, एवढेच. पुढे हे हाइड नटाचा पेशा सोडून मिनेसोटा राज्यातल्या एका विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सर्वांचेच असे बरे झाले नाही. कप्तानाची कारकून जेनिस रँड ही भूमिका ग्रेस ली व्हिटनी करीत. पहिल्याच वर्षी, आठ भाग झाल्यावर, त्यांना काढून टाकण्यात आले. पडद्यावर जेनिस रँड कोठे गेली याचा कोणी खुलासा केला नाही. एखादी कारकून कचेरीतून नाहीशी होते आणि तिच्या टेबलाशी दुसरी येऊन बसते, तसेच झाले. मालिकेशी संबंधित एका अधिकाऱ्याने आपल्यावर अत्याचार केला होता, असे व्हिटनीबाईंनी १९९८ च्या आत्मचरित्रात लिहिले. त्याचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही. पुढची कित्येक वर्षे त्या दारूच्या व्यसनात बुडाल्या आणि मोठ्या कष्टाने त्यातून वर आल्या. प्रेक्षकांच्या वहीत मात्र जेनिस रँडचे खाते उघडेच होते. १९७९ च्या चित्रपटात, ज्यात मुंबईच्या पर्सिस खंबाटा केशहीन मस्तकाने झळकल्या त्याच चित्रपटात, रँड पुन्हा दिसली. आता यंत्रावर अधिकारी म्हणून. १९९१ मध्ये ती कप्तान झालेल्या सुलूच्या यानावर होती, आणि १९९६ मध्ये 'व्हॉयेजर' या मालिकेतही येऊन गेली. चहाचे पेले आणि कागद नेणारी मुलगी पायरी पायरीने चढत गेली. ज्या बाईला पडद्याबाहेर काढले होते, तिच्या पात्राला बढत्या मिळाल्या. हा न्याय पुरेसा नव्हता; पण तिची नोंद पुसून टाकणे मात्र कोणाला साधले नाही.

आता थोडे सुखाचे. १९८७ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात सुकाणूपाशी एक कुरळ्या केसांचा माणूस बसलेला आहे. नाव नाही. पुढे एका भागात तोच चेहरा पहाऱ्यावर दिसतो. दुसऱ्या वर्षी त्याला माणसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात पोचविणाऱ्या यंत्रापाशी कायमची नेमणूक मिळते, आणि १९८९ च्या जानेवारीत आडनाव मिळते: ओब्रायन. १९९० मध्ये पहिले नाव मिळते, माइल्स. त्याचा हुद्दा नेमका कोणता, यावर प्रेक्षकांत बरीच वर्षे वाद चालला. कारण सुरुवातीला त्याला कोणी लेफ्टनंट म्हटले होते आणि गळपट्टीवरच्या खुणाही बदलत गेल्या. १९९१ मध्ये त्याचे लग्न झाले, त्याच वर्षी मुलगी झाली. १९९३ मध्ये बदली झाली ती 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत, तीही मुख्य पात्रांच्या यादीत. बायकोची कुरकूर, बदलीची गैरसोय, मुलीची शाळा, दुखावलेला खांदा, सारे आले. कॉम मीनी या आयरिश नटाने दोन्ही मालिका मिळून दोनशेहून अधिक भागांत हे काम केले. १९९९ मध्ये मालिका संपली तेव्हा ओब्रायन अकादमीत शिकवावयास पृथ्वीवर निघाला होता. पाठमोऱ्या बसलेल्या माणसाचा एवढा संसार झाला!

पण आमच्या वहीतले सर्वांत जड पान निराळे आहे. १९९२ च्या एका भागात अकादमीतले पाच विद्यार्थी मनाई असलेली एक विमानकसरत करतात. त्यात एकाचा जीव जातो, आणि उरलेले चौघे चौकशीत खोटे बोलतात. त्यांत सीटो जाक्सा नावाची एक मुलगी होती. सत्य बाहेर आले, म्होरक्याला काढून टाकण्यात आले, बाकीच्यांचे वर्ष गेले. इथे ती विसरली जावयास हरकत नव्हती. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, लेखकांनी यानावरच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांवर एक भाग लिहिला आणि त्यात नवी मुलगी न घेता हीच बोलावली. कप्तान पिकार्ड तिला त्या जुन्या गोष्टीवरून कठोरपणे बोलतो. मग कळते, की तिला आपल्या यानावर मागून घेणारा तोच होता; तिला एक रास्त संधी मिळावी म्हणून. संधी मिळते, ती शत्रूच्या मुलुखात जाण्याची. ती जाते आणि परत येत नाही. कप्तान साऱ्या यानाला ती वार्ता सांगतो, मित्र जेवणाच्या मेजाशी मुकाट बसतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी गोष्ट सुरू होते. मालिकेत पुन्हा तिचे नाव नाही.

२०२० मध्ये 'लोअर डेक्स' ही व्यंगचित्रमालिका आली. नावच त्या १९९४ च्या भागाचे. सारी नायकमंडळी खालच्या मजल्यावरची. त्यांतली मरिनर नावाची एक खट्याळ, हुशार अधिकारी बढती मिळाली की ती मुद्दाम घालवून बसते. का, ते कोणाला कळत नाही. २०२३ मधल्या एका भागात तिच्या तोंडून निघते: अकादमीत असताना सीटो तिची मैत्रीण होती. ती हुशार होती, कामगिरीवर गेली आणि मेली. तर मग वर चढावयाचे कशासाठी आणि दुसऱ्यांना मरावयास पाठवावयाचे कशासाठी?

एकोणतीस वर्षांनी कोणीतरी सीटोचे सुतक पाळले. हसविण्यासाठी काढलेल्या चित्रमालिकेत हे घडले. तो भाग पाहणाऱ्यांपैकी ज्यांनी मनात वही ठेवली होती, त्यांचे डोळे पाणावले असतील. ज्यांनी ठेवली नव्हती त्यांना एक नाव ऐकू आले असेल, एवढेच.

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. कल्पित माणसांची मोजदाद करून कोणाचे पोट भरते? भरत नाही, हे कबूल. पण एवढे निश्चित, की एखादी लांबलचक कथा खरी की पोकळ, हे नायकाच्या पराक्रमावरून कळत नाही. नायक मरणार नाही हे आधीपासून ठरलेले असते. ती ज्यांना मारते त्यांची आठवण ठेवते की नाही, हे पाहावे. लेस्लीचा मृत्यू कोणी ध्यानात ठेवला नाही, म्हणून तो विनोद झाला. सीटोचा ठेवला, म्हणून ते दुःख झाले.

सुटीत घरी मुले जुन्या नव्या मालिका पाहत बसतील. त्यांना दटावून उठविण्याऐवजी एक वही आणि पेन्सिल द्यावी आणि विचारावे, मागे दाराशी उभा आहे तो कोण रे? गेल्या भागात होता का? दोन दिवसांत मुले तुम्हाला नावानिशी सांगू लागतील. कदाचित तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटणाऱ्या लिफ्टवाल्या काकांचे नावही विचारतील. तेवढी तयारी मात्र ठेवा, म्हणजे उत्तर देता येईल.