समूहगान ही नुसती करमणूक नव्हे



‘समूहगान म्हणजे निव्वळ करमणूक’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. एस्टोनियाचेच पाहा. तिथे १८६९पासून गीतमहोत्सव भरतो. पुढे देशावर आलेल्या सोव्हिएत राजवटीने तो बंद केला नाही, पण त्यात स्वतःची स्तुतिगीते घुसवली. १९८८च्या उन्हाळ्यात मात्र राजधानी टालिनच्या महोत्सव-मैदानावर लोक रात्ररात्र जमले, बंदी असलेली देशगीते गायले, देशाचे निळे-काळे-पांढरे झेंडे उघड फडकवले. एकट्याने झेंडा बाहेर काढायला जो धजला नसता, तोही त्या सुरात सूर मिसळून निर्धास्त उभा राहिला. मॉस्कोची पकड तेव्हा सैल होत होती, हे खरेच. पण लोकांची भीड मोडली ती गाण्याने. १९९१मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणूनच शाळेच्या वेळापत्रकातून समूहगानाचा तास कापणाऱ्यांनी कृपया फेरविचार करावा.

– एक वाचक, पुणे