कप वेगळा

गड्यांनो, आमच्या खात्यात एकाच्या विम्याचा कागद टेबलावर उघडा पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा चहाचा कप वेगळा. वेगळा कप म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९९७ साली मुंबई हायकोर्टानं बजावलं : काम करू शकणाऱ्याला नुसत्या एचआयव्हीपायी काम नाकारता येत न्हाई. तो मजूर 'एमएक्स' म्हणून लढला. नाव झाकलं, हक्क उघड मागितला. २०१७ चा कायदा सांगतो : नोकरीसाठी रक्ततपासणीची सक्ती नको. विमा नाकारायचा तर कंपनीनं शास्त्रशुद्ध आकडेमोड दाखवावी. शंभर माणसांच्या कारखान्यात तक्रार अधिकारी हवाच.

आपल्या गिरणीत तो कुठाय? विचारा.

आणि कप वेगळा झाला तेव्हा आपण चहा कसा प्यालो, तेही विचारा.