सेवा या शब्दाची ढाल

काही शब्द इतके पवित्र असतात, की त्यांच्या आडून केलेला अन्याय सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘सेवा’ हा तसाच एक शब्द आहे. आपल्या धर्मग्रामांत तर त्याला विशेष मान. आपल्याच घरांतून गेलेल्या धर्मभगिनींनी दवाखान्यांत, अनाथाश्रमांत, कुष्ठरुग्णांच्या वसाहतींत आयुष्ये वेचली. म्हणून सेवेचे नाव निघताच आपले हात आपोआप जोडले जातात. लोकांच्या मनातील नेमक्या याच आदराच्या आधाराने आज महाराष्ट्रातील सत्तर हजारांच्या आसपास स्त्रियांकडून अवघड, कौशल्याचे आणि जोखमीचे काम करून घेतले जात आहे, आणि त्याचे पूर्ण मोल मात्र नाकारले जात आहे. सरकारी कागदोपत्री त्यांना ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात. यातील ‘स्वयंसेविका’ हा शब्द खोटा आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या स्त्रिया संपावर गेल्या. दिलेले आश्वासन पाळले गेले नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला आणि मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या मानधनात दरमहा पाच हजार रुपयांची वाढ केली. ही वाढ लहान नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सेवेसाठी पुढे आलेल्या बायकांनी पैशासाठी रस्त्यावर बसावे, हे शोभत नाही, असे म्हणणारे लोक समाजात होते आणि ते आपल्यातही आहेत. त्यांना मी विचारतो : आशाताई नेमके काय काम करते, हे आपण कधी जाणून घेतले आहे काय?

ती घरोघर फिरून कागद भरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती अपुरा आहे हे एका उदाहरणावरून पाहू. रुग्णालयातून बाळंतीण घरी आली, की जन्मापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने त्या घरी जायचे असते. ती हात धुते, बाळाचे वजन करते, अंगाचा ताप मोजते, नाळ पाहते, बाळ स्तनाला नीट लागते की नाही हे पाहते. मग ती त्याचे श्वास मोजते. बाळ शांत असले पाहिजे, कारण रडणाऱ्या बाळाची मोजणी निरुपयोगी असते. छाती-पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक भरले, तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेच आले, तर हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते, हे ओळखायचे. एवढ्यावरही काम संपत नाही. ‘बाळ बरे दिसते आहे, उद्या पाहू’ म्हणणाऱ्या सासूला, आणि गाडीभाड्याची चिंता करीत दारात उभ्या असलेल्या बापाला, त्याच घटकेला रुग्णालयात जायला तयार करायचे. ज्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, त्या घरात सुनेचे दुखणे ऐकायचे असेल तर कोणत्या वेळी जावे, हेही तिला ठाऊक असावे लागते.

याला कौशल्य म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? सहा महिने चालणारी क्षयरोगाची औषधे दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागल्यावरही रुग्णाला घ्यायला लावणे, तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना हिवतापाच्या तपासणीसाठी घेणे, लपवून ठेवलेला कुष्ठाचा चट्टा विश्वासाने दाखवला जाईल एवढी जवळीक मिळवणे, ही कामे पदवी नसलेल्या बाईने केली म्हणून सोपी ठरत नाहीत. डॉक्टरचे ज्ञान दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचते. त्या दारापासून झोपडीपर्यंतचे अंतर आशाताई चालून जाते, आणि माणसे बहुधा त्याच अंतरात मरतात.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. वेलूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फारसा साधला नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या अनेकजणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या स्त्रियांनी बाळंतपणे सुखरूप केली, जुलाबाने सुकणारी मुले वाचवली आणि जातीने बंद केलेली दारेही उघडली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी वर्षभर, १९७८ साली, अल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यातही अशा आरोग्य कार्यकर्त्यांना स्थान मिळाले.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एकोणचाळीस गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्यापासून जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत सर्व काही त्या शिकल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दर हजार जिवंत जन्मांमागे बासष्ट नवजात बाळे दगावत होती, तो आकडा काही वर्षांत पंचविसाच्या आसपास आला. २००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू करून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे ठरवले, आणि २०११ साली घरोघरच्या नवजात-भेटींचा कार्यक्रम देशभर नेला, तेव्हा त्यामागे असे अनुभव उभे होते.

आता त्या भेटींचे मोल पाहा. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साऱ्या भेटी मिळून आशाला अडीचशे रुपये ठरले. सहा भेटींनी भागले, तर एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. त्यासाठी अटीही होत्या : वजनाची नोंद हवी, लसी दिलेल्या हव्यात, जन्मनोंदणी झालेली हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप हवेत. ही शेवटची अट वाचकांनी पुन्हा वाचावी. अतिदक्षता विभागात रुग्ण दगावला म्हणून डॉक्टरच्या त्या महिन्याच्या वेतनाला कुणी हात लावीत नाही. इथे मात्र रात्री-बेरात्री धावलेल्या बाईने बाळ वाचवू न शकल्यास तिच्या पायपिटीचे मोल धोक्यात येते. जिला सर्वांत अधिक आधार हवा, तिलाच दंड देणारी ही व्यवस्था कोणत्या अर्थाने ‘स्वयंसेवा’ म्हणावी?

कामागणिक मोबदला देण्याच्या या पद्धतीत आणखी एक खोट आहे. जे मोजता येते त्याचेच पैसे मिळतात. लस टोचली, नोंद झाली. प्रसूती रुग्णालयात झाली, नोंद झाली. पण चार वेळा नकार देणाऱ्या घरी पाचव्यांदा जाऊन समजूत घालण्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? आशाच्या कामाचा गाभा तोच आहे, आणि तोच हिशेबाबाहेर राहतो. केंद्र सरकार नित्याच्या कामांसाठी २०१८ पासून दरमहा दोन हजार रुपये ठरावीक देऊ लागले आणि २०२५ मध्ये ही रक्कम साडेतीन हजार करण्याचा निर्णय झाला. म्हणजे काम नित्याचे आहे, हे सरकारलाही मान्य आहे. काम नित्याचे, ते नेमून देणारा वरिष्ठ ठरलेला, अहवाल मागणारा ठरलेला, चुकल्यास जाब विचारणारा ठरलेला. तरीही काम करणारी मात्र स्वयंसेविका!

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सेवेला किंमत लावू नये. आपल्या धर्मभगिनी कुठे पगार मागतात? हा आक्षेप आपल्या वाचकांना विशेष पटण्याजोगा आहे, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत स्वतः विचारपूर्वक घेतलेले असते. तिच्या जेवणाची, निवाऱ्याची, आजारपणाची आणि म्हातारपणाची जबाबदारी तिचा संघ उचलतो. आशाताईच्या मागे कोणता संघ आहे? तिला मुलांची फी भरायची असते, घरी कर्ज फेडायचे असते. नेमणुकीच्या नियमांप्रमाणे ती विधवा किंवा परित्यक्ताही असू शकते, म्हणजे पुष्कळदा घरातली एकमेव मिळवती. तिच्यावर व्रत लादण्याचा अधिकार कुणाला दिला? त्याग स्वतः करायचा असतो. दुसऱ्याच्या संसारातून तो वसूल करणे ही पिळवणूक होय. आपल्या पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. तो कारखान्यातल्या पुरुष कामगारापुरताच होता, असे आपण मानणार आहोत काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पगार दिला की ती सरकारी नोकर होईल, गावाशी असलेले तिचे नाते तुटेल. जामखेडच्या स्त्रियांना तरी प्रकल्पाने कुठे पगार दिला होता? ते खरे आहे. पण जामखेडने त्या स्त्रियांना दुसरे पुष्कळ दिले. आठवड्याच्या आठवड्याला नियमित शिक्षण दिले, अडचणीला धावून येणारे रुग्णालय दिले, उपजीविकेच्या धंद्यासाठी मदत केली, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांच्या पंगतीत बरोबरीचे स्थान दिले. तेवढे सारे देऊन मग मानधनाची चर्चा करावी. आशाताईवर मात्र एकामागून एक सर्वेक्षणे, मोहिमा आणि नोंदवह्या लादल्या गेल्या. २०२० साली कोरोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा आपण दारे लावून बसलो होतो आणि ती आपल्या दाराशी ताप मोजायला उभी होती. नाते जपायचे म्हणून जामखेडचा दाखला द्यायचा आणि काम मात्र कार्यालयातल्या कारकुनाप्रमाणे घ्यायचे, ही दुटप्पी नीती झाली. शिवाय अपुऱ्या मोलाने नाते टिकते, हेही खरे नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशात सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना मोठ्या उत्साहाने सुरू झाली होती. महिना पन्नास रुपये मानधन होते. पुढे नावे बदलली, प्रशिक्षण आटले, लक्ष उडाले आणि योजना अखेर विझून गेली. ती पगारामुळे मेली, असे कुणालाही म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. सरकारने एवढा पैसा आणायचा कोठून? याचे उत्तर न्यायालयाने वेगळ्या प्रकरणात दिशा दाखवून दिले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविका व मदतनिसांच्या बाबतीत निर्णय दिला, की त्यांना मिळणारे मानधन हे वेतनच आहे आणि त्या उपदानाला पात्र आहेत. त्याआधी २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांमधील स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी व किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. अंगणवाडीतील मानधन जर वेतन असेल, तर त्याच गल्लीत तीच मुले सांभाळणाऱ्या आशाताईचे मानधन दान कसे ठरते? विम्याच्या काही योजना तिला लागू झाल्या आहेत. पण कामगार या नात्याने मिळणारा भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान तिच्या वाट्याला अजून आलेले नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. आपल्याकडेही महिला दिनी शाल, श्रीफळ आणि गुलाबाचे फूल देण्याची प्रथा पडली आहे. सत्कार करू नये असे मी म्हणत नाही. परंतु सत्कारानंतर सभागृहाचे दिवे मालवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा थकलेल्या मोबदल्याची चौकशी करायला आरोग्य केंद्रात जाते, हेही आपल्याला ठाऊक असावे.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील मंडळांना, महिला संघटनांना आणि तरुणांना माझी विनंती आहे. आपल्या गावची, आपल्या वस्तीची आशाताई कोण, हे आधी शोधा. शहरी वस्त्यांतही आता आशा आहेत. तिच्या पेटीत औषधे आहेत काय, वजनकाटा चालू आहे काय, गेल्या वर्षभरात तिला कोणते नवे प्रशिक्षण मिळाले, मोबदला किती महिने थकला आहे, हे तिला विचारा. जी उत्तरे मिळतील ती ग्रामसभेत, नगरसेवकापुढे आणि आमदारापुढे मांडा. मते मागायला येणाऱ्याला विचारा, की तिला कामगार म्हणून मान्यता देण्यास त्याचा पाठिंबा आहे की नाही. ती पुन्हा संपावर गेलीच, तर लसीकरण खोळंबले म्हणून तिला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या, की तिच्या न जाण्याने काम अडते याचाच अर्थ ते काम आवश्यक आहे. आणि आवश्यक कामाचे वेतन द्यावे लागते.

सेवा हा शब्द आपल्याला प्रिय आहे. ज्यांना तो खरोखर प्रिय आहे, त्यांनीच तो अन्यायाची ढाल म्हणून वापरला जात असताना गप्प बसू नये.