पदाची वस्त्रे

एखाद्यास अधिकार मिळाला हे सांगण्याची मराठीतील जुनी रीत मोठी बोलकी आहे. त्यास ‘वस्त्रे मिळाली’ असे म्हणत. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांस पेशवाईची वस्त्रे दिली. १७२० साली ती थोरल्या बाजीरावांस मिळाली. १७७४ साली पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे वस्त्रे आली तेव्हा ते अवघे चाळीस दिवसांचे होते. अंगडे-टोपडेही ज्याला सैल व्हावे अशा बालकाच्या नावाने त्या दिवसापासून राज्याचा कारभार चालू झाला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १७७३ साली, राघोबादादांनाही हीच वस्त्रे मिळाली होती. पण ती अंगावर टिकली नाहीत, कारण बारभाईंनी वस्त्रांकडे न पाहता ती नेसणाऱ्या माणसाकडे पाहिले. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे सारा विषय ध्यानी येतो. वस्त्रांवाचून पद लोकांस दिसत नाही, आणि केवळ वस्त्रांनी ते टिकत नाही.

आता दरबार गेले. बढतीचा हुकूम कागदावर येतो, आणि वस्त्रे ज्याची त्याने घ्यावयाची असतात. कोणती घ्यावी, किती घ्यावी, त्यांवर किती खर्चावे, हे हुकुमात लिहिलेले नसते. कारकुनाचा हेडक्लार्क झाला, शिक्षकाचा मुख्याध्यापक झाला, पतपेढीतील रोखपालाचा शाखाधिकारी झाला, म्हणजे पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटापुढे उभे राहून त्याला जो प्रश्न पडतो, तो आमच्या मते हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

खासबाग म्हटले की कोल्हापूरकरांस कुस्तीचे मैदान आठवते. आम्ही म्हणतो ते बेळगावचे खासबाग. शहापूर-वडगावच्या शेजारचे, विणकरांचे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे आपल्याकडील जुन्या घरांतून शहापुरी लुगड्याची आठवण अजून निघते. या भागात हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली असली तरी गल्लीतून जाताना मागाचा खडखडाट कानी पडतोच. अशा घरातील एखादा मुलगा शिकतो, कचेरीत लागतो, दहा-बारा वर्षांनी साहेब होतो. त्याच्या आज्याने आणि बापाने जन्मभर कापडच विणले. पण साहेबाने कोणते कापड अंगावर घालावे हे सांगणारे त्या घरात कोणी नसते. खरा प्रश्न येथे आहे.

जुन्या, प्रतिष्ठित घरांतून अशा वेळी एक उपदेश हमखास ऐकू येतो. ‘कपड्यात काय आहे? माणसाची किंमत कामावरून होते.’ आधाराला रामशास्त्र्यांची गोष्ट तयारच असते. शास्त्रीबुवांच्या पत्नीस पेशव्यांच्या वाड्यातून उंची वस्त्रे नि दागिने लेववून पालखीतून घरी पाठविले, तेव्हा शास्त्रीबुवांनी, या कोणी थोरा घरच्या बाई दिसतात, वाट चुकल्या, म्हणून दारातूनच पालखी परतविली, अशी ती आख्यायिका. दुसरा दाखला गांधीजींचा, आणि तो तर बेळगावच्या अंगणातला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजी अध्यक्ष झाले. त्यांच्या आयुष्यात काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी एवढे एकदाच भूषविले. त्या सर्वोच्च पदावर ते बसले ते १९२१ साली मदुरेस स्वीकारलेल्या पंचावर. पदाची बढती झाली आणि वस्त्रे मात्र कमी झाली, असे हे विलक्षण उदाहरण.

दाखले दोन्ही थोर आहेत. परंतु ते कोणास लागू पडतात याचा विचार आपण करीत नाही. रामशास्त्री साधे राहू शकले, कारण त्यांचा शब्द साऱ्या पुण्यास ठाऊक होता. गांधीजींनी कोट-पाटलोण उतरविली ती बॅरिस्टर होऊन, विलायतेत आणि आफ्रिकेत ती वर्षानुवर्षे वापरून झाल्यावर. उतरविण्यास आधी अंगावर काही असावे लागते. ज्याच्या आडनावानेच दार उघडते, ज्याचे आजोबा त्याच कचेरीत मामलेदार होते, त्याला चुरगळलेला सदरा शोभून जातो. लोक म्हणतात, काय साधी राहणी! तोच सदरा खासबागेतील विणकराच्या मुलाने घातला तर दारावरचा शिपाई त्याला रांगेत उभे राहावयास सांगतो. साधेपणा हाही एक ऐवज आहे, आणि तो पिढ्यांच्या शिलकेतून येतो. आपल्यापाशी ती शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यापाशीही असेल असे धरून चालणे बरे नव्हे.

वस्त्रांचा इतिहास आपल्याकडे नुसत्या आवडीनिवडीचा नाही. कोणी काय नेसावे याच्या सक्तीचाही आहे. प्रस्तुत लेखकाचे वडील एका संस्थानात दरबारी गवई होते. दसऱ्याच्या दरबारात अंगरखा आणि पागोटे यांवाचून बसता येत नसे. वस्त्रे दरबारची, गळा तेवढा त्यांचा. गुणी माणसाला मान होता, पण त्याने कोठवर यावयाचे ती रेघही वस्त्रांनीच आखलेली असे. ज्यांना दरबाराच्या उंबऱ्याशीही येऊ देत नसत, त्यांच्यावरील बंधने तर याहून कितीतरी कठोर होती. चांगले वस्त्र अंगावर घेणे हाच त्यांचा अपराध ठरे.

म्हणून आमच्या भागातील काही घटना वस्त्रांच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावी परिषद भरली. तरुण डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू छत्रपती तेथे जातीने आले होते. पुढे १९२५ साली निपाणीस बहिष्कृतांची प्रांतिक परिषद झाली, तीही बाबासाहेबांच्याच अध्यक्षतेखाली. १९२७ च्या डिसेंबरात महाडास जमलेल्या स्त्रियांना त्यांनी जी कळकळीची शिकवण दिली तीत लुगडे कसे नेसावे हाही मुद्दा होता. जातीची खूण म्हणून जी नेसण सांगितली गेली ती टाका, इतर स्त्रियांसारखे नेटके, पायघोळ नेसा, असा त्याचा आशय. एवढा मोठा विद्वान, एवढा मोठा लढा, आणि त्यात नेसण्याची गोष्ट! पण ती क्षुल्लक नव्हती. आज गावोगावच्या पुतळ्यांवर बाबासाहेब सुटाबुटात उभे दिसतात, त्यास कोणी चैन म्हणत नाही. गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट यांत विरोध पाहण्याचे कारण नाही. पहिल्याने आपल्यापाशी असलेले खाली ठेवले; दुसऱ्याने आपल्याला नाकारलेले हाती घेतले. कृती उलट, हेतू माणसाच्या मानाचाच.

तेव्हा बढती मिळालेल्या माणसाने नवे कपडे घ्यावे की नाही, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. त्याने घ्यावे. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा.

आणि येथे दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. बढतीची चाहूल घरच्यांच्या आधी बाजारास लागते. वाढलेल्या पगाराचा पहिला चेक येण्यापूर्वीच सूट, बूट, टाय, घड्याळ यांची यादी तयार होते, आणि हप्त्यांवर सर्व काही मिळत असल्याने ती एका संध्याकाळी पुरीही होते. पगाराची वाढ दोन-चार हजारांची आणि हप्ता त्याहून अधिक, असे झाले की बढती ही शिक्षा होते. कर्जाचा कोट कितीही उत्तम शिवलेला असो, खांद्यावर जड होतोच. शिवाय एकाएकी पालटलेले रूप पाहून काल बरोबरीने बसणारे सहकारी आज दोन हात दूर बसतात. आणि नव्या साहेबाला सर्वांत अधिक गरज असते ती याच मंडळींच्या भरवशाची.

आम्ही शिष्याला पहिल्या बैठकीस बसवितो तेव्हा कपड्यांविषयी एकच गोष्ट सांगतो. बसल्यावर ज्यांचा विचार करावा लागणार नाही असे कपडे घाल. बाहीचे बटण घट्ट असेल तर तानपुऱ्यावरचा हात अवघडतो, नवा रेशमी सदरा जपण्याच्या नादात षड्ज हलतो. फार मळके असेल तर श्रोता कपडे पाहतो, फार भपकेबाज असेल तरीही कपडेच पाहतो. दोन्हीकडून गाणे राहून जाते. कचेरीलाही हेच माप लावावे. समोरच्याने दुसऱ्या क्षणी आपले कपडे विसरून आपले बोलणे ऐकावे, इतपत ते चांगले असावेत.

व्यवहारात याचा अर्थ फार मोठा खर्च नाही. दोन गडद पँटी, एक करडी आणि एक निळी. चार-पाच फिकट रंगाचे सुती शर्ट. कातड्याचे एक बंद बूट आणि त्याच रंगाचा पट्टा. एवढ्यावर आठवडा नीट निघतो, कारण यातील कोणतीही पँट कोणत्याही शर्टाशी जुळते. बेळगाव-निपाणीच्या पावसाळ्यात कातडी बूट चार महिन्यांत उतरतात, म्हणून त्या दिवसांपुरता दुसरा जोड ठेवावा. कोट सर्वांनाच लागतो असे नाही. बैठका, परगावचे दौरे, समारंभ यांत उठबस असेल तर एकच घ्यावा, पण अंगाला बसणारा घ्यावा. आणि बसणे म्हणजे मुख्यतः खांद्यात बसणे, कारण लांबी-रुंदी मागाहून दुरुस्त होते, खांदा सहसा होत नाही. हे सर्व एका महिन्यात न घेता वाढीव पगारातून चार-सहा महिन्यांत घ्यावे. आणि तयार कपड्यांच्या दुकानात जाण्यापूर्वी ओळखीच्या शिंप्याकडे जाऊन यावे. शिंपी शिवणीच्या आत थोडे जादा कापड राखून ठेवतो, त्याला त्याच्या धंद्यात ‘माया’ म्हणतात. साहेबी अंगावर आली की देहही थोडा भरतो. त्या वेळी ती माया उपयोगी पडते.

कापड कोठून घ्यावे, हाही विचार करावा. खासबागेचे माग मुख्यतः साड्यांचे. साहेबाचा शर्ट तेथे होत नाही. पण आपल्याकडे बढतीचा आनंद एकट्या पुरुषाचा कधीच नव्हता. घरच्या लक्ष्मीला आणि आईला लुगडे घेतल्यावाचून तो पुरा होत नसे. सुरतेहून येणाऱ्या स्वस्त मालापुढे इथल्या विणकराला टिकाव धरणे कठीण झाले आहे. अशा वेळी बढती मिळालेल्याने घरातील साडी तरी शेजारच्या मागावरची घ्यावी, ही अपेक्षा फार नाही. शर्टाचे म्हणाल तर इचलकरंजी दूर नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्या उद्योगास आसरा दिला, तेव्हापासून ते गाव कापडावरच उभे आहे.

पायातील वहाणांची गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावणारी. कोल्हापुरी चप्पल निपाणी-अथणीकडील कारागीरही करतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने तशाच घडणीच्या वहाणा मिरविल्या, आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर तिने त्यांचे मूळ मान्य केले. मिलानमध्ये जी वहाण श्रीमंतांच्या पायी शोभते, ती आपल्या कचेरीत साहेबाच्या पायी का शोभू नये? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढले, त्यात जीन, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मनाई होती आणि शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती. अशा सूचना काढणाऱ्यांनी स्लिपर आणि उत्तम कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी यांत भेद करावा, एवढे सुचवावेसे वाटते.

कचेऱ्यांच्या वरिष्ठांसही एक विनंती आहे. बढतीच्या हुकुमाबरोबर नव्या पदास कोणता पोशाख अपेक्षित आहे हे दोन ओळींत सांगून टाकावे. न सांगता अपेक्षा करावयाची आणि ती पुरी न झाल्यास मागे हसावयाचे, ही जुन्या दरबाराची वाईट बाजू तेवढी आपण सांभाळून ठेवली आहे. दरबार निदान वस्त्रे देत तरी असे.

शेवटचे सांगणे आपल्या जुन्या घरांना आहे. कोणता रंग केव्हा घालावा, शिंप्याला काय सांगावे, बुटाला पॉलिश कसे करावे, टायची गाठ कशी मारावी, या गोष्टी आपल्याला कोणी मुद्दाम शिकविल्या नाहीत. वडिलांना, काकांना पाहून त्या आल्या. ज्या घरात पाहण्याजोगे कोणी नव्हते, तेथील तरुण आपल्या शेजारी, आपल्या कचेरीत, आपल्या हाताखाली काम करीत आहे. कदाचित उद्या आपल्या वर बसेल. त्याच्या नव्या कोटाची किंमत विचारून डोळे मिचकावण्यापेक्षा, एका रविवारी त्याला घेऊन आपल्या शिंप्याकडे जावे. पूर्वी छत्रपती वस्त्रे देत. आज एवढे करणे कोणाही बापमाणसाच्या हातचे आहे.