कोन बुडालं, भाऊ?

तर मंडळी, परवाच्या रविवारी मी मेहरूण तलावात होडी चालवली. म्हणजे माझी स्वतःची, घडीची होडी. भाचा परदेशातून येताना घेऊन आला होता. घडी घातली की मोठ्या सुटकेसएवढी, उलगडली की साधारण बारा फुटी कयाक. वजन बारा-तेरा किलो. जाड प्लॅस्टिकचा एकच तक्ता, आधी पाडून ठेवलेल्या घड्यांवर दुमडायचा आणि पट्टे आवळायचे. हल्ली अशा मिळतात. जुन्या प्रकारात लाकडी सांगाड्यावर कापड ताणतात. असल्या होड्या जर्मनीत योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने १९०७ पासून विकायला काढल्या. शिंप्याने होडी शिवली ही गोष्ट मला फार आवडली.

भाचा म्हणाला होता, दहा मिनिटांत उभी राहते. मला पाऊण तास लागला. तेवढ्यात सकाळी फिरायला आलेली दहा-बारा माणसं भोवती जमली. मी लाइफ जॅकेट चढवलं तसे सगळे एकदम गंभीर झाले. एका काकांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "कोन बुडालं, भाऊ?"

मी म्हटलं कोणी नाही, मी फिरायला चाललोय. त्यांना ते काही पटलं नाही.

मला आधी हसू आलं. नंतर बराच वेळ आलं नाही. आमच्याकडे तलावात होडी दिसते ती गणपती विसर्जनाला, नाहीतर कोणी बुडालं तर शोधायला. काकांचं काही चुकलं नव्हतं.

पाण्यात शिरलो. पहिली पाच मिनिटं ती होडी माझ्या अंगाखाली नुसती थरथरत होती. घाबरून अंग आवळलं की जास्त डुलते, कमरेत सैल सोडलं की शांत होते. वल्हं दोन्ही टोकांना पात्यांचं. उजवं पातं वर उचललं की त्याच्यावरचं पाणी दांड्यावरून निथळत थेट मांडीवर. मी सरळ चाललोय असं समजत होतो आणि होडी निवांत डावीकडे वळत होती. एक मोठी गिरकी घेतल्यावर कळलं की उजवा हात जरा जास्तच जोर करतोय.

मध्यावर गेल्यावर थांबलो. इतकी वर्षं या तलावाच्या काठाने चाललो, इथली बोरं खाल्ली (मेहरूणची बोरं माहीत नसतील तर तुम्ही जळगावचे नाही), पण पाण्यातून गाव कधी पाहिलंच नव्हतं. आणि काठावरून न दिसणारं पुष्कळ दिसलं. निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे. काठावरच्या माणसाला पाणी नुसतं चकाकताना दिसतं.

आता घरचं सांगतो. १९८१ च्या उन्हाळ्यात माझा आतेभाऊ तापीच्या डोहात बुडाला. चौदा वर्षांचा होता. त्यानंतर आमच्या घरात पाण्याचं नाव निघालं नाही. आम्हा भावंडांना कोणी पोहायला शिकवलं नाही. नदीवर गेलो तर दुरून हात जोडायचे आणि परत फिरायचं. मी पोहायला शिकलो चाळिशीत, तलावावर नव्हे, क्लोरीनच्या टाकीत, दहा वर्षांच्या पोरांबरोबर. आईला अजूनही वाटतं की तिने आम्हाला वाचवलं. माझं मत उलट आहे, आणि ते तिच्यासमोर बोलायची माझी आजही छाती नाही. आतेभाऊ पाण्यात गेला म्हणून बुडाला नाही, त्याला पोहता येत नव्हतं म्हणून बुडाला. आम्ही पोरांना पाण्यापासून लांब ठेवतो, आणि मग पोरं चोरून जातात, तीही न शिकता.

हे खान्देशाचं मूळचं नाही बरं का. माझी सासुरवाडी धुळ्याची. तिथल्या पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षांची. नदीत बंधारा, त्यातून पाट, पाळीपाळीने पाणी, त्याच्यावर देखरेखीला पाटकरी. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला त्याच भागात काम केलं. पाण्यात पाय रोवून उभी राहणारी माणसं होती ही. आता आमच्या गावाचा पाण्याशी संबंध म्हणजे वाघूर धरणाचं पाणी नळाला कधी येणार, एवढाच. असो.

ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन १९३२ मध्ये अशाच घडीच्या होडीतून डॅन्यूब नदीवर निघाला आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याने वल्हवत १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोचला. तोवर युद्ध सुरू झालेलं, उतरल्यावर शत्रू म्हणून तुरुंगात! त्याला पोहता येत नव्हतं म्हणतात. (आईच्या बाजूचे लोक हे उदाहरण माझ्यावरच उलटवतील, कल्पना आहे.)

काठाला आलो तर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा वडिलांचा हात धरून उभा. "काका, मले बसू द्या ना." वडील तयार होते. गुडघाभर पाणी होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको रे बाळा, पाण्याशी मस्करी नको." शब्द न् शब्द आईचा. पोरगं हिरमुसून गेलं. घडी घालताना मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. जॅकेट एकच होतं हे खरं, पण नाही म्हणण्याचं कारण ते नव्हतं.

लहान मापाचं जॅकेट मागवलंय. वडिलांचा नंबर काकांकडून मिळाला. येत्या रविवारी सातला, काठाकाठाने, दोरी बांधून.

नातेवाईक मंडळी, हे आईला एवढ्यात कोणी वाचून दाखवू नका.