गुडघा मोडा, निबंध लिहा

अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागतं. दचकू नका. एकेकाळी तिथंही साध्या पदवीवर लोकांच्या कमरा सरळ होत होत्या. मग मास्टर्स आलं. मग २००० साली धुरीणांना ‘व्हिजन २०२०’ नावाचा साक्षात्कार झाला, आणि २०१६ पासून ‘डीपीटी’ ही बहुधा तीन वर्षांची डॉक्टरेट सोडून नव्या विद्यार्थ्याला वाटच उरली नाही. गुडघे होते तेच राहिले.

माझी पुतणी न्यू जर्सीत सध्या या डीपीटीसाठी अर्ज भरते आहे. पीटीकॅस नावाच्या सामाईक पोर्टलवर. कॉलेजनं अधिकृत गुणपत्रक परस्पर धाडायचं आणि तरीही प्रत्येक विषय, क्रेडिट, ग्रेड पोरीनं स्वहस्ते भरायची. मग तिथला कुणी महाभाग दोन्ही ताडून पाहणार! तलाठ्यानं हात टेकावेत असा कारभार. पैसे अर्थात आपणच भरायचे, कॉलेजागणिक.

मग निरीक्षणाचे तास. परवानाधारक थेरपिस्टच्या क्लिनिकात भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पेशंटला हात लावायचा नाही. हात लागतो तो पेशंट उठल्यावर, घामेजल्या बाकाला. जंतुनाशक फवारा, पुसा, रबरी पट्टे रंगवार टांगा, सही घ्या. हे तास कुठे शंभर लागतात, कुठे निम्मे, कुठे शून्य. म्हणजे हा अनुभव अत्यावश्यक आहे किंवा अजिबात नाही. कॉलेजचा पत्ता बघून ठरवा.

आणि निबंध! ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ असं चुकूनही लिहू नये, असं सगळे बजावतात. म्हणजे खरं कारण सांगू नये. मग शाळेत फुटबॉल खेळताना लिगामेंट तुटतं, थेरपिस्टरूपी तारणहार अवतरतो, आयुष्याला दिशा मिळते. ‘काका, माझा गुडघा तर धडधाकट आहे,’ पुतणी रडवेली होऊन म्हणाली. काय हे दुर्दैव!

एवढी दक्षिणा मोजून प्रतिष्ठा तरी? ऐका. २०२५ च्या कायद्यानं सरकारी शैक्षणिक कर्जाला जुलै २०२६ पासून वेसण घातली: ‘व्यावसायिक’ पदवीला वर्षाला ५०,००० डॉलर, इतर पदव्युत्तरांना २०,५००. २०२५ च्याच नोव्हेंबरात तिथल्या शिक्षण खात्याच्या समितीनं व्यावसायिक कोण याची यादी केली. कायरोप्रॅक्टिक आत. धर्मशास्त्र आत. फिजिओथेरपी बाहेर. मणके कडाकडा वाजवणारा व्यावसायिक, पाद्री व्यावसायिक. पक्षाघाताच्या पेशंटला पुन्हा चालतं करणारी मात्र हौशी कलाकार!

आपण हसायचं कारण नाही. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला दिल्लीच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी अधिक विचार करायचा म्हणून मागे घेतलं. विचार नंतर, पत्र आधी, शिरस्ताच आहे. पण चोवीस तासांत डॉक्टरकी परत, तीही फुकट. पुतणीला कळवलं तेव्हा ती तिसरं शिफारसपत्र मिळवायला कुणाच्या तरी विनवण्या करत होती.