शौर्य शिपायाचें, लेखणी साहेबाची

शाळेच्या दाखल्यांतील जन्मतारीख दुरुस्त करावयास लोक आमच्याकडे येतात. एक आंकडा फिरवावयास किती खेटे पडतात, हें आम्ही रोज पाहतों. मग शिपायाच्या कागदांत त्याचें पदकच चढलें नसेल तर त्यानें कोणाच्या दारीं जावें?

1945 च्या 9 एप्रिलला इटलींत सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनीं जखमी सोबती वाहून आणले आणि शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. त्यांस त्याच वर्षीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (इंग्रजांचे गोडवे आम्ही गात नाहीं, 1911 पर्यंत तेही हिंदी शिपायास तो देत नव्हते.) चारच दिवस आधीं त्याच इटलींत व्हर्नन बेकर या काळ्या अमेरिकन लेफ्टनंटानें तसाच पराक्रम केला. दुसऱ्या प्रतीचें पदक देऊन त्याची बोळवण झाली. सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' मिळावयास 1997 साल उजाडलें!

ज्या देशांतील सज्जनांस जोतीरावांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' अर्पण केली, त्याच देशाची ही गोष्ट. त्या महायुद्धांत दहा लाखांवर काळे लोक लढाईच्या चाकरींत होते. एकालाही तें पदक तेव्हां मिळालें नाहीं. शूर कोणी नव्हता काय? शूर होते, शिफारस लिहिणारा हात गोरा होता. 1993 मध्यें लष्करानें संशोधकांकडून दप्तर तपासविलें, तेव्हां कोठें 7 जणांस न्याय मिळाला. पदक घ्यावयास जिवंत होता एकटा बेकर.

इतरांस मात्र राहिलेलें पदक नोंदविण्यासाठीं स्वतः किंवा वारसामार्फत अर्ज करावा लागतो. त्यांत 1973 सालीं सेंट लुईच्या सरकारी दप्तरखान्यास आग लागून कोटीहून अधिक फायली जळाल्या. कागद जळाले सरकारच्या घरांत, आणि पुरावा धुंडाळावा म्हाताऱ्या शिपायानें! आमचें म्हणणें, चूक ज्याच्या दप्तरांत त्यानेंच ती हुडकावी. सात जणांसाठीं हें जमलें, मग बाकीच्यांसाठीं कां नाहीं?